आमच्या गल्लीतला आकडा वाढला पाहिजे

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीला गेट बसवायचं की नाही यावर बैठक झाली. बैठक म्हणजे काय, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर रात्री साडेनऊला जमलेली पंधरा-वीस माणसं आणि एकानं घरून आणलेला चहाचा थर्मास. बाजूचे बोलले, विरोधातले बोलले. मग एक गृहस्थ उठले. गल्लीच्या तोंडाशी असलेलं त्यांचं घर तेव्हा विक्रीला निघालं होतं. म्हणाले, "गेट कशाला हो? उगीच लोकांना वाटायचं इथं चोऱ्या होतात. दोन वर्षांत आपल्या गल्लीतली एक केस नाही. ठाण्यात जाऊन बघा."

ते खरं बोलत होते. ठाण्यात जाऊन बघितलं असतं तर केस नव्हतीच. पण त्याच ओट्यावर बसलेल्या एकाच्या बोअरची केबल कोणीतरी रात्रीतून कापून नेली होती. दुसऱ्याच्या अंगणातली गॅसची टाकी गेली होती. तिसऱ्याच्या मुलाची सायकल. कोपऱ्यावरच्या काकूंच्या गळ्यातली पोत मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी ओढली होती. अर्धी तुटून त्यांच्या मुठीत राहिली, म्हणून "देवानं वाचवलं" म्हणत त्यांनी नारळ फोडला आणि विषय संपवला. हे सगळं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सरकारला माहीत नव्हतं.

माझं म्हणणं ऐकायला उफराटं वाटेल, पण सांगतो: आमच्या गल्लीतला, आमच्या वॉर्डातला, सगळ्या छत्रपती संभाजीनगरातला गुन्ह्यांचा आकडा वाढला पाहिजे. चोऱ्या कमी झाल्या तर सोन्याहून पिवळं. पण ज्या होतात त्या कागदावर आल्या पाहिजेत, आणि आज होतात त्यातल्या निम्म्या जरी कागदावर आल्या तरी आकडा असा उडी मारेल की वर्तमानपत्रांना पहिल्या पानावर घ्यावा लागेल. तो दिवस मला वाईट वाटणार नाही.

चार वर्षांपूर्वी आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातला मोबाइल गेला. गेला म्हणजे काढला. बोटं लागल्याचं कळलंसुद्धा, पण वळेपर्यंत गर्दीत सगळे चेहरे सारखेच झाले होते. ठाण्यात गेलो. टेबलाशी बसलेले जमादार माणूस म्हणून भले होते. पाणी दिलं. मग कोरा कागद पुढं सरकवून म्हणाले, "सर, हरवला म्हणून लिहा. सिमकार्ड मिळायला तेवढं पुरतं. चोरीचं लिहिलं की एफआयआर आला, पंचनामा आला, मग कोर्टाच्या चकरा तुम्हालाच. शाळा सोडून येणार का तुम्ही?"

मी 'हरवला' लिहिलं. सही केली. गहाळ दाखल्यावर गोल शिक्का बसला आणि त्या दिवशी त्या हद्दीत मोबाइलची एकही चोरी झाली नाही.

या एका शब्दाची गंमत बघा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय की दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवावाच लागतो. पोलिसांना तिथं निवड नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं तर दार आणखी उघडलं. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. कायद्यात काही कमी नाही. पण हे सगळं लागू होतं ते गुन्ह्याला. हरवणं हा गुन्हा नाही. न्यायालयाचा निकाल आणि नवी संहिता दोन्ही दाराबाहेर उभे राहतात आणि आत 'हरवला' हा शब्द काम उरकून टाकतो. पुढं पोलीस आयएमईआय नंबरावरून असे फोन शोधतात, छोटा कार्यक्रम घेतात, मालकांना फोन परत देतानाचे फोटो छापून येतात. कौतुकाचीच गोष्ट आहे. मला फक्त एवढंच विचारायचंय की इतके 'हरवलेले' फोन पाय फुटल्यासारखे दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्याच्या खिशात जातात कसे.

त्या जमादारांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. वर्षअखेरीला पत्रकार परिषद होते. यंदा घरफोड्या किती, गेल्या वर्षी किती. जबरी चोरी किती, उघडकीस किती आल्या. आकडा खाली गेला तर 'गुन्हेगारीला आळा', वर गेला तर 'कायदा-सुव्यवस्थेचे धिंडवडे'. आमदार तोच आकडा घेऊन सभागृहात ओरडतो. अशा वेळी ज्या चोरीचा तपास लागण्याची आशा नाही ती दाखल करून घेणं म्हणजे ठाणे प्रभारीनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. दाखल गुन्हे कमी ठेवले की उघडकीचं प्रमाणही आपोआप चांगलं दिसतं. दहातले चार उघडकीला आणण्यापेक्षा पाचातले चार दाखवणं सोपं. हे गणित चौथीतल्या पोराला जमतं. आपण वाचक मात्र दरवर्षी त्यावर माना डोलवतो.

मोटारसायकली, कार यांची चोरी तेवढी बऱ्यापैकी नोंदली जाते. कारण विमा. विमा कंपनीला एफआयआर लागतो, म्हणून मालक ठाण्यात ठिय्या देतो. ज्या वस्तूला विमा नाही त्या वस्तूला नोंद नाही.

नव्या कायद्यानं यात आणखी एक पाचर मारलीय, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची, पहिल्यांदाच केलेली चोरी वेगळी काढली. माल परत केला तर शिक्षा म्हणून समाजसेवा. पोरसवदा चोराला तुरुंगात घालून पक्का चोर करण्यापेक्षा हे बरं, इथपर्यंत मला मान्य आहे. पण सोबतच ही चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे एनसी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत आणि वर्षाच्या चोऱ्यांच्या मोजदादीत ती दिसणार नाही. आता सांगा, पाच हजारांच्या आतल्या वस्तू कोणाच्या दारातून जातात? मुकुंदवाडीतल्या किंवा मिसारवाडीतल्या पत्र्याच्या खोलीबाहेरून जी शेगडी जाते, जुनी सायकल जाते, हातगाड्यावरचा वजनकाटा जातो, तिची किंमत बाजारभावानं दोन-तीन हजार. त्या घराला मात्र ती महिन्याच्या कमाईचा तुकडा. कॅनॉटमधल्या बंगल्यातून लॅपटॉप गेला तर गुन्हा, वस्तीत दाराबाहेरची शेगडी गेली तर एनसी. उद्या कोणी आकडे मांडून म्हणालं की गरिबांच्या वस्तीत चोऱ्या कमी झाल्या, तर त्यात नवल नाही.

मग येतो 'दर लाख लोकसंख्येमागे' हा प्रकार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, गुन्ह्यांचा दर असा काढतो. पद्धत बरोबर आहे, पण भागायचं कशानं? शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा आमच्या महापालिकेची लोकसंख्या ११ लाख ७५ हजार होती. सातारा-देवळाई महापालिकेत आलं त्यानंतर. बीड बायपासच्या पलीकडे जिथं ज्वारी उभी असायची तिथं आज सात-सात मजली इमारती आहेत. शंभराहून अधिक गुंठेवारी वसाहती आहेत. त्याहून मोठा घोळ असा, की पोलीस आयुक्तालयाची हद्द वाळूजपर्यंत जाते आणि महापालिकेची जात नाही. बजाजनगर, वाळूजजवळचं पंढरपूर, रांजणगाव शेणपुंजी इथं राहणारे कामगार गुन्ह्यांच्या बेरजेत शहराचे, आणि लोकसंख्येच्या भागाकारात ग्रामपंचायतीचे. शहराचा दर म्हणून कोणी असा आकडा तोंडावर फेकला तर आधी विचारावं, वर कोण आहे आणि खाली कोण आहे.

गल्ली-वॉर्डाच्या पातळीवर तर हा दर निव्वळ फसवा होतो. साधारण दहा हजार वस्तीचा वॉर्ड धरा. तिथं भावाभावांच्या शेताच्या वादातून एक खून झाला, तर त्या वर्षी त्या वॉर्डाचा खुनाचा दर लाखामागे दहा. २०२२ साली देशाचा दर दोनच्या आसपास होता. म्हणजे तो वॉर्ड देशाच्या पाचपट खुनी! पुढच्या वर्षी खून झाला नाही की शून्य, एकदम स्वर्ग. माणसं तीच, रस्ते तेच. घरं विकणारे एजंट यातलं त्यांच्या सोयीचं वर्ष उचलतात.

आणि 'एक गुन्हा' म्हणजे तरी किती? मे २०१८ मध्ये जुन्या शहरात दंगल झाली. मोती कारंजा, शहागंज, राजाबाजार. बेकायदा नळजोडण्या तोडण्याचा वाद त्याच्या मुळाशी होता असं तेव्हा सगळ्यांनी वाचलं. दोन जीव गेले, दुकानांची राख झाली. अशा रात्रीच्या एकेका एफआयआरमध्ये शेकडोंचा जमाव असतो आणि मोजताना तो एकच गुन्हा. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी एनसीआरबी त्यातलं सर्वांत गंभीर तेवढंच मोजते. २०२३ नंतर बीड, संभाजीनगर, जालना या पट्ट्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेट धडाधड बुडाल्या तेव्हाही तेच. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, तूर विकून ठेवलेले पैसे गेले. सोनसाखळी चोरांनी सात जन्मात नेले नसते एवढे पैसे माणसांनी स्वतःच्या हातानं काउंटरवर मोजून दिले होते. ठेवीदार हजारो, गुन्हे त्यामानानं मूठभर. १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, एमपीआयडी. त्याखाली मालमत्ता जप्त होते, लिलावाची वाट बघत म्हातारी माणसं तारखांना जातात. तरी कोणी विचारलं की तुमचा एरिया सेफ आहे का, तर या लुटीची आठवण कोणाला होत नाही. आपल्या मनातला गुन्हेगार अजून तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकलवरच येतो.

ही गोष्ट एनसीआरबीही लपवत नाही. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोलिसांनी नागरिकांसाठी दार उघडलं की आकडा वाढतो, अशा अर्थाची ताकीद त्यांच्या वार्षिक अहवालातच असते. ते पान कोणी वाचत नाही. आणि आमच्या भागासाठी तो अहवाल तसाही मुका आहे. पूर्वी दहा लाखांवरच्या ५३ शहरांचे तक्ते निघायचे, त्यात आम्ही होतो. २०१६ पासून वीस लाखांवरच्या १९ महानगरांचेच निघतात. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर. मराठवाड्यातलं एकही शहर नाही.

मग माणसं सुरक्षितता मोजतात कशानं? ऐकीव गोष्टींनी. "त्या बाजूला रात्री जाऊ नको." ती बाजू म्हणजे बहुतेक वेळा एखादी वस्ती असते, आणि वस्तीला जात किंवा धर्म असतो. आमच्या मराठवाड्यात पालांवर राहणाऱ्या पारध्यांनी हे जेवढं भोगलंय तेवढं फार थोड्यांनी भोगलं असेल. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ च्या ऑगस्टमध्ये गेला. संशय गेला नाही. कुठं घरफोडी झाली की आधी पाल उलथंपालथं होतं. आणि नोंदीचा अर्थ बघा: जिथं पोलीस आधी शोधायला जातात तिथंच आरोपी जास्त सापडतात, तिथंच आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा बघून पोलीस पुन्हा तिथंच जातात. आकडा वाढला पाहिजे म्हणताना मला हा आकडा वाढायला नकोय. मला तक्रारीचा आकडा वाढायला हवाय, संशयाचा नाही. संशयावर जगणाऱ्या समाजाचं काय होतं ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते.

भीतीला दिशा चुकायची सवयच असते. मुलींना आपण अंधाऱ्या गल्लीची भीती घालतो. पण बलात्काराच्या दर शंभर नोंदलेल्या गुन्ह्यांत पंचाण्णवहून जास्त ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो आणि स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा गठ्ठा नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा. त्याला स्ट्रीटलाइट काय करणार? २०२२ साली देशात खून झाले २८,५२२ आणि रस्त्यावर मेले १,६८,४९१. आमच्या बीड बायपासनं किती घरं उजाड केली हे त्या बाजूला राहणाऱ्या कोणालाही विचारा. तरी गेटच्या बैठकीत डम्परवर कोणी बोललं नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती.

आमच्या शहराला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं आणि ते रोज येत नाही. नळाचा दिवस असतो, आठवड्यातून एखादा, कधी त्याहूनही उशिरा, आणि त्या दिवसाला वेळ नसते. रात्री साडेबाराला कुठून तरी "आलं गं, आलं" अशी हाक येते आणि पटापट कड्या निघतात. मोटारी लागतात. पाइपांची वेटोळी रस्त्यावर पसरतात. कोणाची मोटार हवा धरते, तो बर्मुड्यावर उकिडवा बसून तिच्या तोंडात तांब्यानं पाणी ओततो. बायका गाऊनवर ओढणी टाकून ड्रमपाशी उभ्या. एकीची टाकी भरली की पाइप दुसरीकडे. भांडणं होतात, हसणं होतं, कोणाच्या तरी सुनेला कितवा महिना चाललाय ते कळतं. तीनपर्यंत गल्लीत जत्रा.

या गल्लीत मी पंधरा वर्षं राहतोय. नळाच्या रात्री चोरी झाल्याचं एकदाही ऐकलं नाही. चोराला गल्लीत शिरायला जागा कुठं आहे? शेजारची एक मुलगी वाळूजला कंपनीत आहे. सेकंड शिफ्ट करून कंपनीच्या बसमधून चौकात उतरते. नळाच्या रात्री ती कानात गाणी घालून निवांत चालत येते, आणि दारापर्यंत चार जणी विचारतात, "आज उशीर झाला गं?" दुसऱ्या रात्री त्याच वेळेला तीच मुलगी चौकातून भावाला फोन लावते, तो गाडी घेऊन जातो. खांबावरचा दिवा तोच. कॅमेरा तोच. पोलीस ठाणं तेवढ्याच अंतरावर.

काकूंची पोत ओढली गेली ती संध्याकाळी सातला, मालिकांच्या वेळेला. सगळी दारं बंद. त्या ओरडल्या तेव्हा बाहेर येईपर्यंत धूळसुद्धा बसली होती. मी नंतर त्यांना विचारलं, तक्रार का नाही दिली? म्हणाल्या, "कोणी बघितलं होतं का रे? साहेब विचारतील, साक्षीदार कोण, तर मी काय भिंतीला उभं करू?" नळाच्या रात्री हे घडलं असतं तर साक्षीदार वीस होते, आणि त्यातल्या तिघी-चौघी काकूंसोबत ठाण्याची पायरी चढल्या असत्या. एकट्या बाईला ती पायरी चढवत नाही. आमच्याकडे तर ती धास्ती पिढीजात आहे. आजोबांच्या तोंडी अजून निजामाच्या अमिनाच्या, म्हणजे फौजदाराच्या, गोष्टी असायच्या, रझाकारांच्या असायच्या. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं, पण शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ठाण्याच्या पायरीलाही चिकटून राहिली. तक्रार देणं हे आमच्यात अजून भानगडीत पडणं समजलं जातं.

आठ दिवसांनी अर्ध्या रात्री पाणी येणं चांगलं, असं मी चुकूनही म्हणत नाही. तो स्वतःच एक गुन्हा आहे, फक्त त्याला कलम नाही. पण माणसं दाराबाहेर असली की काय होतं ते त्या टंचाईनं आम्हाला फुकटात दाखवलं, आणि आम्ही बाकीच्या सहा रात्री नेमकं उलटं करतो. नवीन घरांना ओटे नाहीत, आठ फुटी कंपाउंड आहे. मोकळ्या प्लॉटवर वेडी बाभूळ माजलीय, मालक पुण्यात. रात्री दहा वाजले की पोलिसांची गाडी येऊन चहाच्या टपऱ्या बंद करते. टपरीवर टवाळखोर बसतात हे खरं आहे. त्यातले काही झोपेच्या गोळ्या घेतात, इथल्या पोरांच्या भाषेत 'बटन', हेही खरं आहे, आणि बटन घेतलेला पोरगा चाकू चालवतो तेव्हा त्याला स्वतःला आठवत नाही. पण टपरी बंद केल्यानं बटन बंद झालं नाही. ते मोकळ्या प्लॉटवर, बाभळीआड गेलं. उरला तो दिवा नसलेला कोपरा, जिथं आधी निदान चहावाला जागा होता.

बंदोबस्ताचे आमचे आवडते प्रकार सगळे असेच आहेत. तडीपारी घ्या. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यानं दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर घालवता येतं. संभाजीनगरचा तडीपार जालन्यात खोली करून राहतो, जालन्याचा परभणीत. प्रत्येक जिल्हा आपलं अंगण झाडून शेजाऱ्याच्या दारात ढीग लावतो. वाढदिवसाला तलवारीनं केक कापणाऱ्या 'भाईं'ची भरचौकात धिंड निघते, लोक मोबाइलवर शूटिंग करतात, टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांची भीती वाटते. आरोप सिद्ध व्हायच्या आधी शिक्षा बघून ज्यांना बरं वाटतं ते उद्या राईनपाड्यातल्या गर्दीत असू शकतात. आणि सहा महिन्यांनी तोच भाई पुढच्या वाढदिवसाला दुप्पट मोठ्या बॅनरवर असतो. धिंडीनं त्याची फुकट जाहिरात झालेली असते.

कॅमेऱ्यांच्या विरोधात मी नाही. गुन्हा झाल्यावर ते कामाला येतात, ठाण्यात "कोणी बघितलं" या प्रश्नाला निदान एक उत्तर असतं. पण गल्लीतले कॅमेरे आपण लावतो आपल्या गेटाकडे तोंड करून. आपली गाडी दिसली पाहिजे, समोरच्याची गेली तर गेली.

मला जे हवंय ते फार महाग नाही. दर महिन्याला प्रत्येक ठाण्यानं, शक्य असेल तर बीटनिहाय, तीन आकडे शेजारी-शेजारी लावावेत: ११२ वर किती फोन आले, एनसी आणि गहाळ दाखले किती दिले, एफआयआर किती झाले. पहिले दोन फुगलेले आणि तिसरा बारीक असेल तर काय चाललंय ते सांगायला तज्ज्ञ लागणार नाही. ही माहिती नव्यानं गोळा करायची गरज नाही, ती ठाण्यात आहेच. संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाका असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच सांगितलंय आणि महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर ते दिसतातही. राहिलेले दोन आकडे उघडे करायला कोणाचा विरोध असेल, तो का असेल, हे त्यानंच सांगावं. आणि नोंद वाढली म्हणून कोणत्याही ठाणे प्रभारीची बदली होता कामा नये. उलट ज्याच्या हद्दीत एक वर्ष आकडा वाढला त्याला आयुक्तांनी बोलावून शाबासकी द्यावी.

यावर हमखास येणारा आक्षेप माझ्या घरातूनच आला. बायको म्हणाली, आकडा वाढलेला दिसला तर घराच्या किमती पडतील, मुलीला स्थळं येताना लोक विचारतील कोणता एरिया म्हणून. पडतील. काही वर्षं पडतील. शहरातला एकच वॉर्ड खरं बोलला तर त्याचंच नाक कापलं जाईल, म्हणून हे सगळ्या ठाण्यांनी एकाच महिन्यात करायला हवं. लातूरच्या ट्यूशन एरियाचं बघा. सोळा-सतरा वर्षांची पोरं खेड्यातून येऊन तिथं खोल्या करून राहतात. खोलीतून मोबाइल गेला तर खोलीमालक म्हणतो, कशाला भानगड, बदनामी होते. पोरगा गप्प बसतो, कारण बापाला कळलं तर तो म्हणेल, चल गावाकडं. तिथं भाव टिकतो तो त्या पोराच्या गप्प बसण्यावर. असला भाव माझ्या घराला आला काय आणि न आला काय.

पोलिसांकडे माणसं कमी आहेत, सगळ्या तक्रारी नोंदवल्या तर तपास कोण करणार, हा दुसरा आक्षेप, आणि तो खोटा नाही. एकेका हवालदाराकडं तपासाच्या फायलींचा ढीग असतो, त्यात गणपती, नवरात्र, सभा, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. पण माणसं मागायची कशाच्या जोरावर? कागदावर गुन्हेच नसतील तर मंत्रालयातला कारकून विचारेलच ना, तुमच्याकडे सगळं शांत आहे, जादा शिपाई कशाला? ठाणी स्वतःच्याच कमी आकड्यांनी स्वतःचं मनुष्यबळ मारून घेतात.

गेटचा ठराव त्या रात्री मंजूर झाला. घरटी वर्गणी निघाली, मीही दिली. महिनाभरात निळ्या रंगाचं लोखंडी गेट उभं राहिलं. पहिल्याच आठवड्यात नळ आला नाही, टँकर मागवावा लागला आणि तो गेटमध्ये वळेना. ड्रायव्हर खाली उतरून काय बोलला ते छापता येणार नाही. तेव्हापासून गेटचा एक दरवाजा तारेनं खांबाला बांधून ठेवलाय, उघडा. काकूंना मी ऑनलाइन तक्रारीचं पान उघडून दिलंय. त्या म्हणाल्या, पुढच्या नळाच्या रात्री बसू, तेव्हा सगळ्याच असतात.